रिजेक्टचा हिशोब

तौसिफने ओट्यावरच्या टाइलला भोक पाडलं
तेव्हा तू देवघराचा पडदा ओढून घेतलास.
पांढरी भुकटी साखरेच्या डब्यावर,
तुझ्या भुवईवर, माझ्या वाचायच्या चष्म्यावर.
चार स्क्रू, एक पेटी, तीन नळ्या:
लाल आत येणारी, निळी पिण्याची,
आणि एक पिवळी,
जिच्याबद्दल विकताना दुकानदार काही बोलला नव्हता.

पहिली टाकी सोडून द्या, काका,
मेंब्रेन नवीन आहे, तो म्हणाला आणि गेला.
आपण दोघं बसून तासभर
पाणी सांडताना ऐकत राहिलो.

चौतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कागद उजेडाला धरला.
वॉटरमार्क जागेवर असला की पुढचा.
चुकलेलं शीट वेगळं, पण त्याचीही मोजणी.
एक कमी भरलं की
पाळी सुटायची नाही, डबे हातात घेऊन
अख्खं सेक्शन गेटच्या आत उभं.
चांगल्यापेक्षा खराबाचा हिशोब कडक असतो,
हे बाहेरच्या कुणाला मला कधी पटवता आलं नाही.

म्हणून पिवळ्या नळीखाली बादली लावली.
एक हंडा गोड, तीन हंडे मचूळ.
वहीत तारीख, आकडा, सही.
जेलरोडला पाणी पहाटे साडेपाचला,
कधी दारणेचं, कधी गंगापूरचं,
उन्हाळ्यात सोसायटीची बोअर मिसळलेलं.
मीटर बुडवतो: दोनशे दहा. तीनशे.
एप्रिलअखेर आठशे चाळीस.
खालच्या खैरनारांना जिन्यात आकडा सांगितला
तर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

तीन हंडे फरशीला, मोरीला, स्कूटरला.
मोगऱ्याला घातलं, तिथे चुकलो.
पानांच्या कडा करपल्या.
तू बोलली नाहीस काही,
कुंडी फक्त उचलून
माझ्या खुर्चीसमोर आणून ठेवलीस.

कँडल मी स्वतः बदलतो, दर तीन महिन्यांनी.
आधी कॉक बंद, मग पान्याने अर्धा फेरा,
टेफ्लॉनचे सहा वेढे, सातवा घालायचा नाही.
पांढरी घातलेली असते, निघते
उकळून उकळून विसरलेल्या चहाच्या रंगाची.
लगेच टाकवत नाही.
दोन दिवस खिडकीत ठेवतो,
उजेडाच्या बाजूला.

यंदा मात्र आकडा जुळेना.
मशीनच्या नळाला अडतीस,
ग्लासात एकसष्ट.
पुन्हा अडतीस. पुन्हा एकसष्ट.
मीटरचे सेल बदलले. ग्लास बदलला.
रात्री दोनला उठून टाकी तपासली,
जणू कुठेतरी एक शीट कमी होतं.
शेवटी तौसिफला बोलावलं, साडेतीनशे व्हिजिटचे.
त्याने मेंब्रेन काढलं, हुंगलं, परत बसवलं.
मग म्हणाला, काका, ग्लास भरता कुठून?

तू कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलंस.
रोज रात्री मीच भरते त्यात, म्हणालीस,
मशीनचं पाणी घशाखाली उतरतं,
तहान तिथेच राहते.

तौसिफने माठावर टिचकी मारली.
मशीन ठीक आहे, म्हणाला.
हा थोडा थोडा पाण्यात उतरतोय.
पैसे घ्यायला तो तयार नव्हता,
तू बळेच दिलेस, वर दोन चिक्क्या.

तो गेल्यावर मी ग्लास
बाल्कनीत नेऊन उन्हात धरला.
सवय. दिसलं काहीच नाही,
पलीकडची पाण्याची टाकी फक्त, उलटी,
आणि माझी बोटं, जरा मोठी.
तेवीस जास्त. तेवढी माती.
प्यालो.

वहीत लिहायला बसलो तर रकाना नव्हता.
समासात लिहिलं: माठ, एकसष्ट.
शेरा काय द्यावा ते सुचेना.
तोवर मागे पिवळ्या नळीची बादली भरून
ओट्याखालून पाणी दाराकडे निघालं होतं
आणि तू ओरडत होतीस.